अहमदाबादेत आपली माणसं

मावशी मणिनगरला राहते, त्यामुळे अहमदाबाद मला तसं नवीन नाही. पण माझं अहमदाबाद म्हणजे साबरमती आश्रम, अडालजची विहीर, लॉ गार्डनबाहेरची घासाघीस आणि मावशीच्या हातची उंधियू. कोटाच्या आतलं जुनं शहर रिक्षातून जाता-येता पाहिलेलं, तेही नाकाला रुमाल लावून. या डिसेंबरात ठरवूनच गेले होते की सकाळचा हेरिटेज वॉक करायचा. कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघायचं आणि पोळा-पोळांतून, म्हणजे तिथल्या जुन्या गल्ल्यांतून, चालत जामा मशिदीशी संपवायचं. महानगरपालिकेने तो 1997 च्या नोव्हेंबरात सुरू केला, म्हणजे युनेस्कोने 2017 मध्ये शहराला जागतिक वारशाचा शिक्का दिला त्याच्या कितीतरी आधी. भारतातलं हा मान मिळालेलं ते पहिलं शहर.

मावशीचे गुडघे नाही म्हणाले. काका तयार झाले, पण उपकार केल्यासारखे. गिरणीच्या हिशेब खात्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं, मुलं गुजराती माध्यमात शिकली, पण कालुपूर त्यांच्या लेखी फक्त स्टेशन. "अगं, त्या बोळांत बघायचं काय? आपल्या शनिवार-नारायण पेठेत काय कमी बोळ आहेत?" असं म्हणत त्यांनी मफलर गुंडाळला.

पावणेआठला मंदिराच्या आवारात पोचायचं होतं. डिसेंबरात तिकडे उजाडायलाच सव्वासात होतात, त्यामुळे रिक्षातून उतरलो तेव्हा उन्हं नुकती वरच्या सज्जांना लागत होती. नोंदणी झाली, एका खोलीत शहराच्या इतिहासाची चित्रं दाखवली. अहमदशहाने 1411 मध्ये शहर वसवलं, मग गुजरातचे सुलतान, मग मुघल, मग इंग्रज, मग गिरण्या, मग गांधीजी. मी कान टवकारून बसले होते. मुघल आणि इंग्रज यांच्यामध्ये आपण होतो. 1753 मध्ये राघोबादादा आणि दमाजी गायकवाड यांनी शहर घेतलं, मधे खंबायतच्या नवाब मोमीनखानाने ते परत बळकावलं, 1758 मध्ये पुन्हा मराठ्यांकडे आलं आणि 1817 पर्यंत राहिलं. पेशवा आणि गायकवाड, दोघांचा निम्मा-निम्मा वाटा. जवळजवळ साठ वर्षं. पडद्यावर ही साठ वर्षं एका वाक्यात गेली, आणि वाक्यही "त्या काळात शहराची पडझड झाली" असं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसला.

आमच्या घोळक्यात एक फ्रेंच जोडपं, कोलकात्याचं एक कुटुंब, वास्तुकलेच्या दोन विद्यार्थिनी आणि आम्ही. गाईड तरुण होता, पोळीतच वाढलेला. हिंदी, इंग्रजी आणि मधूनच गुजराती. आवाज न चढवता बोलायचा, कारण लोकांची घरं आहेत, लोक अजून दात घासत असतात.

मंदिर 1822 चं, स्वामिनारायण संप्रदायाचं पहिलं मंदिर. इंग्रजांनी जागा दिली आणि ब्रह्मदेशी सागवानाचे खांब आणून हे उभं केलं. रंग मात्र आपल्याकडच्या देवळांत कुणी लावणार नाही असे भडक आहेत: पोपटी, गुलाबी, निळा. कमानीखालच्या लाकडी तिरांवर, म्हणजे आधाराच्या तुकड्यांवर, मोर, घोडे, वादक. आधी मला ते जत्रेतल्या लाकडी घोड्यांसारखं वाटलं, पण खाली उभं राहून पाच मिनिटं मान वर करून पाहिलं तेव्हा कळलं की एका खांबासारखा दुसरा खांब नाही. बायकांचं देऊळ वेगळं, हवेलीही वेगळी, कारण इथल्या साधूंनी स्त्रियांचं दर्शन घ्यायचं नसतं. तिथे फक्त बायका व्यवस्था पाहतात. मी तिकडे जाऊन आले. आत शेंगदाणे निवडत बसलेल्या बायकांनी कुठून आलात वगैरे विचारलं आणि हातावर साखरफुटाणे ठेवले. काकांना बाहेर काहीच मिळालं नाही.

रस्ता ओलांडला की लांबेश्वरनी पोळ. गुजराती कवी दलपतराम इथे राहायचे. मूळ घर आता नाही. दर्शनी भाग तेवढा पुन्हा उभारला आहे आणि ओट्यावर कवी स्वतः बसलेले आहेत, ब्राँझचे. येणारा-जाणारा शेजारी बसून फोटो काढतो. फोर्ब्ज नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला दलपतरामांनी गुजराती शिकवलं, त्याच्या 'रासमाळा'साठी गावोगावच्या जुन्या पोथ्या आणि वह्या गोळा केल्या आणि 1848 मध्ये दोघांच्या खटपटीतून गुजरात व्हर्नाक्युलर सोसायटी निघाली. काका कवींच्या बाजूला बसले आणि सरळ समोरच्या घरातल्या आजोबांशी गप्पा मारू लागले. विषय: या पोळीत नळाला पाणी किती वाजता येतं.

पोळ म्हणजे काय ते पुण्या-मुंबईच्या माणसाला पटकन कळत नाही. वाडा एका घराचा. पोळ म्हणजे वीस-पंचवीस किंवा शे-दीडशे घरांची गल्ली, तिला एकच मोठा दरवाजा, दरवाजावर राखणदाराची खोली, आत देऊळ, सामायिक विहीर, एक छोटा चौक आणि मधोमध खांबावर चबुतरा. चबुतरा पक्ष्यांसाठी. कोरीव खांब, वर छत्री, खाली दाण्यांची ताटली. आम्ही पोचलो तेव्हा तिथे पोपटांची आणि खारींची मारामारी चालली होती. शहर वसवताना झाडं तोडली गेली, पक्ष्यांचं घर गेलं, म्हणून पोळीने त्यांना घर बांधून दिलं, असं गाईड म्हणाला.

घरांचं मात्र खरं नवल. वाड्याची पाठ जगाकडे असते: बाहेरून मातीच्या किंवा विटांच्या भिंती, एक दिंडी, आणि सगळं नक्षीकाम आत चौकात. पोळीतलं घर उलटं. तोंड अरुंद, पाच-सहा पावलांचं, आणि जेवढं म्हणून कोरायचं तेवढं त्या तोंडावर. ओट्याचे खांब, त्यावरची तीरं, सज्जाची जाळी, दारावरची पट्टी. आत मात्र घर लांबच लांब खोल जातं आणि मधे आकाशाला उघडा चौक. चौकाच्या फरशीखाली टांकं. पावसाळ्यात गच्चीवरचं पहिलं पाणी सोडून द्यायचं, मग नळीने टांक्यात घ्यायचं, चुन्याने आतून लिंपलेल्या त्या अंधाऱ्या तळघरात ते वर्षभर राहतं. एका काकूंनी आम्हाला आपल्या घरातलं दाखवलं. फरशीतलं तांब्याचं वाटोळं झाकण त्यांनी दोन्ही हातांनी उचललं आणि आतून गार वाफ आली, ओल्या चुन्याचा वास असलेली. दोरीला बांधलेला लहानसा गडू सोडून पाणी काढलं. गोड होतं. नर्मदेचं पाणी नळाला आल्यापासून प्यायला फारसं लागत नाही, "पण पापड लाटायला हेच," काकू म्हणाल्या. का ते विचारायचं राहून गेलं, कारण मागून मोटारसायकल आली आणि सगळे भिंतीला चिकटलो.

विटांच्या भिंतींत आडवे लाकडी पट्टे का घालतात, हे विद्यार्थिनींनी विचारलं. भूकंपासाठी. जमीन हलली की लाकूड लवचिकपणे हलतं आणि विटांना धरून ठेवतं. 26 जानेवारी 2001 ला कच्छचा भूकंप झाला तेव्हा अहमदाबादेत नवीन उंच इमारती कोसळल्या आणि ही दोनशे वर्षांची घरं बहुतेक उभी राहिली. इथे काका पहिल्यांदाच गाईडला मधे तोडून बोलले. त्या सकाळी ते मणिनगरात ध्वजवंदनाला निघाले होते, जिना उतरताना जिनाच हलायला लागला, आणि पुढचे काही दिवस सोसायटीतले सगळे मैदानात झोपले. फ्रेंच जोडप्याला मी जमेल तसं सांगितलं. त्यानंतर काका पुढे आणि मी मागे, असं चालणं सुरू झालं.

हाजा पटेलनी पोळीत काळा रामजीचं देऊळ आहे. नाशिकच्या काळारामाची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना इथे वेगळं काय दिसतं, तर राम बसलेला आहे. मूर्ती काळ्या दगडाची, नाशिकसारखीच, पण उभी नाही. देऊळ बाहेरून घरासारखंच. जोडे काढायचे, घालायचे, पुन्हा काढायचे. या वॉकला नाडीचे बूट घालून जाऊ नका, एवढा एक सल्ला मी कुणालाही देईन. जैन देरासरं, म्हणजे देवळं, वाटेत बरीच आहेत आणि प्रत्येक ठिकाणी चामडं बाहेर. काकांचा पट्टा चामड्याचा होता, त्यामुळे एका देरासरात ते पायरीवरच बसले. मी आत जाऊन लाकडी घुमटाखाली उभी राहिले. तिथे बोलूच नये असं वाटलं. एका देरासरात मूर्ती तळघरात आहे. धामधुमीच्या काळात देव खाली ठेवायची पद्धत होती.

धामधूम कुणाची, हे विचारायची वेळ आली ती एका गुप्त वाटेपाशी. गाईड एका घराच्या दारातून सरळ आत शिरला. आम्ही घुटमळलो. ओटीवर एक आजी मेथी निवडत होत्या, त्यांनी मान न उचलता हाताने 'जा, जा' केलं. अंधारी बोळ, दोन पायऱ्या, आणखी एक दार, आणि आम्ही दुसऱ्याच पोळीत. मागे वळून पाहिलं तर ते दार बाकीच्या दारांसारखंच, कुणाला सांगूनही पटलं नसतं. पोळीचा मोठा दरवाजा बंद झाला तरी आतल्या माणसांना निसटता यावं म्हणून ही सोय. गाईड म्हणाला, अठराव्या शतकात या दरवाजांना आणि वाटांना फार महत्त्व आलं, कारण मुघलांची सत्ता मोडली होती, शहरात दंगे व्हायचे, आणि बाहेरून मराठे यायचे.

"म्हणजे आपणच की," काका मोठ्याने मराठीत म्हणाले. गाईडला कळलं. तो हसला आणि "सर, ते जुनं झालं," असं काहीतरी म्हणाला, पण मग त्याने चित्रांच्या वेळी वगळलेली गोष्ट सांगितली. 1725 मध्ये निजामाचा नायब हमीदखान याच्या बाजूने कंठाजी कदम बांडे आणि पिलाजी गायकवाड यांच्या फौजा शहराशी आल्या आणि लूट होणार हे दिसू लागलं. तेव्हा नगरशेठ, म्हणजे शहरातल्या व्यापाऱ्यांचे प्रमुख, खुशालचंद, शांतिदास जव्हेऱ्यांचे नातू, यांनी स्वतःच्या तिजोरीतून पैसे भरले आणि शहर वाचवलं. व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन लिहून दिलं की शहरात ज्या मालावर छाप पडेल त्यावर शंभर रुपयांमागे चार आणे खुशालचंद आणि त्यांच्या वंशजांना मिळतील.

शाळेत मी अटकेपार झेंडे शिकले. मोहिमेचा खर्च कुठून निघायचा, चौथाई गोळा करायला येणारा स्वार उंबऱ्यातून कसा दिसत असेल, ते तिथे नव्हतं. मला त्या बोळीत लाज वगैरे वाटली नाही, तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसांची लाज मी का वाटून घेऊ? पण दरवाजाच्या आतून पाहायला मिळालं हे बरं झालं. आणि पडद्यावरचं ते वाक्य अन्यायाचं आहे असंही म्हणवेना. एका शहराचे दोन मालक, दोघांचे वसुलीदार वेगळे, त्यात दर काही वर्षांनी मक्ता कुणाला द्यायचा याची ओढाताण. बोली लावून मक्ता घेणारा माणूस रस्ते दुरुस्त करत बसत नाही, आधी भरलेला पैसा वसूल करतो.

तो मक्ता पुढे आपल्याच अंगाशी आला, आणि हे गाईडने नव्हे, मी काकांना चालता चालता सांगितलं. पेशव्यांच्या वाट्याचा अहमदाबादचा इजारा गायकवाडांकडे होता. 1814 मध्ये दुसऱ्या बाजीरावाने तो पुढे न वाढवता त्रिंबकजी डेंगळ्यांना दिला. हा आणि बाकीचा हिशेब मिटवायला गायकवाडांचे गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पुण्याला गेले आणि 1815 च्या जुलैत पंढरपुरात त्यांचा खून झाला. तिथून त्रिंबकजीची अटक, ठाण्याच्या किल्ल्यातून त्याचं पळून जाणं, 1817 चा पुणे करार आणि वर्षभरात पेशवाईच आटोपली. काका थांबले. "म्हणजे पेशवाई बुडाली ती या गावच्या जकातीपायी?" एवढं सरळ नाही ते, पण हिशेब खात्यातल्या माणसाला ते तसं दिसणार. खरं तर मलाही थोडंफार तसंच दिसतं.

कुवावाला खांचा नावाच्या कोपऱ्यात विहिरीभोवती चार घरं आहेत आणि चारही वेगवेगळ्या शैलींची आहेत असं सांगतात: एक मुघल, एक मराठा, एक इंग्रजी, एक गुजराती. मराठा शैलीचं म्हणून दाखवलेल्या घरासमोर मी बराच वेळ उभी राहिले. मला तरी त्यात वाड्याचं काही सापडलं नाही. ओटा होता, बाहेरच्या तोंडावर नक्षी होती, म्हणजे घर पक्कं पोळीतलंच. सरसकट लेबलं लावायची गाइडांना सवय असते. काकांना मात्र ते घर फार आवडलं आणि त्यांनी त्याचे वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढले.

नऊ वाजून गेले तशी दुकानांची शटरं वर जायला लागली आणि पोळींचं रूप बदललं. अर्ध्या घरांच्या खालच्या मजल्यांत आता गोदामं आहेत. लोक नदीपलीकडे गेले, कुलपं राहिली. काही घरांवर तीरं निघालेल्या जागी नुसती भोकं दिसतात. कोरीव लाकूड जुन्या वस्तूंच्या बाजारात चांगल्या भावाला जातं. बघायचं तर सकाळी आठलाच, एवढं खरं. दहानंतर हाच रस्ता हातगाड्या आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांनी भरतो आणि वर बघायला मान वळवली की कुणीतरी ढकलतं. फर्नांडिस पुलाखालचा पुस्तक बाजार तेव्हा उघडत होता. वह्यांचे गठ्ठे फुटपाथवर उतरत होते. तिथून आम्ही चांदला ओळीतून भराभर निघालो आणि मुहूर्त पोळीपाशी आलो. ही शहरातली पहिली पोळ मानतात. जवळच शेअर बाजाराची जुनी इमारत. अहमदाबादचा शेअर बाजार 1894 चा, मुंबईनंतर देशातला दुसरा.

माणेक चौकात गाईडने माणेकनाथांची गोष्ट सांगितली. अहमदशहा दिवसा कोट बांधायचा आणि माणेकनाथ बाबा दिवसा गोधडी शिवायचे. संध्याकाळी बाबा टाके उसवायचे, की कोट ढासळायचा. शेवटी सुलतानाने त्यांना मान दिला तेव्हा कोट उभा राहिला. समाधी तिथेच, दुकानांच्या मधे. या चौकात सकाळी गाईंना चारा, दिवसा सोन्याचांदीचा बाजार, रात्री खाणं. आम्ही गेलो तेव्हा चाऱ्याच्या पेंढ्या आणि सराफांच्या गाद्यांवरच्या पांढऱ्या चादरी एकाच वेळी झटकल्या जात होत्या.

राणीनो हजीरो म्हणजे सुलतानांच्या राण्यांच्या कबरी. चौथऱ्याभोवती कापड, चणिया-चोळी, नवरात्रीचे दागिने यांची दुकानं अशी चिकटली आहेत की पायऱ्या शोधाव्या लागतात. वर चढले, आणि वरच्या अंगणात अचानक मोकळं. बादशहानो हजीरो समोरच, तिथे अहमदशहा, त्याचा मुलगा आणि नातू. तिथे आतल्या दालनात बायकांना मज्जाव. मी उंबऱ्यापाशी थांबले, काका डोक्याला रुमाल बांधून आत गेले आणि दोन मिनिटांत बाहेर आले. "काय आहे?" "तीन कबरी. हिरव्या चादरी. अत्तराचा वास." काकांकडून एवढंच वर्णन मिळतं.

जामा मशिदीत 1424 सालचा तो प्रचंड चौक उन्हाने भरलेला होता. आत 260 खांब. खांबांवर घंटा, साखळ्या, कमळं, म्हणजे सकाळी देरासरात जे पाहिलं तेच हात इथेही काम करून गेलेले. मुख्य कमानीच्या दोन्ही बाजूंना मिनारांचे फक्त बुंधे उरलेत. 1819 च्या कच्छच्या भूकंपात वरचा भाग पडला. कमानीत उभं राहून मी वर पाहत होते तेव्हा गाईड सगळ्यांचा निरोप घेत होता. साडेदहा वाजले होते. विद्यार्थिनी चौकात बसून खांब काढायला लागल्या.

आम्ही चहाला लाल दरवाजाच्या 'लकी'त गेलो. तिथे टेबलांच्या मधे खऱ्याखुऱ्या कबरी आहेत, हिरव्या रंगवलेल्या, आणि गिऱ्हाईक त्यांना वळसा घालून बन-मस्का खातं. काका आता पेटले होते. "तुमच्या त्या गायकवाडांचं इथे काहीच नाही का शिल्लक?" आहे. पेशव्यांच्या सुभेदाराने भद्रच्या किल्ल्यात मुक्काम ठेवला, गायकवाडांनी रायखडमध्ये आपली हवेली बांधली. वॉकमध्ये ती नाही.

बाहेर येऊन रिक्षावाल्याला म्हटलं, गायकवाड हवेली. त्याने आरशातून काकांच्या मफलरकडे आणि माझ्या वहीकडे पाहिलं.

"क्राइम ब्रँच? शुं थयुं, काका? मोबाइल चोराणो?"

हवेलीत पोलीस बसतात. शहराला ते नाव आता तेवढ्याचसाठी माहीत आहे. काकांनी त्याला दमाजीपासून सांगायला सुरुवात केली, आपल्या गिरणीतल्या गुजरातीत, आणि रायखड येईपर्यंत ते जेमतेम 1758 पर्यंत पोचले होते. फाटकावरच्या हवालदाराने आत सोडलं नाही, सोडणारही नव्हता. रिक्षावाला मात्र मीटर चालू ठेवून थांबला होता. त्याला पुढे काय झालं ते ऐकायचं होतं.